खदानीकडे तोंड केलेला बाण

बाण सरळ खदानीकडे तोंड करून उभा होता.

मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल मुरमावर घसरत गेली आणि कडेच्या जरा अलीकडे थांबली. खाली दगड काढून काढून झालेला खोल खड्डा होता, तळाला हिरवं पाणी. हा बाण मी स्वतः ठोकला होता, आदल्याच दिवशी. तेव्हा त्याचं तोंड डावीकडे, जुन्या गाडीवाटेच्या उतरणीकडे होतं. आणि तो या जागेवर नव्हताच.

मी सायकलींचे मार्ग आखते. असं काम असतं हेच लोकांना पटत नाही, म्हणून सांगते. माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल. तिची स्पर्धा ठेवायची तर कुठून चढायचं, कुठून उतरायचं, धोका कुठे आहे हे आधी कुणीतरी ठरवून खुणा कराव्या लागतात. पूर्वी मी धाराशिवमध्ये जमीन मोजणीच्या एका खासगी ऑफिसात होते. सुट्टीच्या दिवशी सायकल चालवायचे. पुढे दोन्ही एकत्र आलं आणि त्याचा व्यवसाय झाला.

ही स्पर्धा तुळजापूर तालुक्यात होती, बालाघाटच्या कडेला. गावाचं नाव लिहीत नाही. आयोजक निनाद, पुण्याचा. आल्प्समधल्या एका उंच खोऱ्यात तो सायकल चालवून आलेला. सोप्या मार्गाला निळी खूण आणि अवघड मार्गाला लाल, ही पद्धत त्याने तिथूनच आणली. आमचा मार्ग अवघड, म्हणून लाकडी खुंट्यांची डोकी लाल. प्रत्येक खुंटीवर पत्र्याचा एक छोटा बाण.

रविवारी कॉलेजची मुलं-मुली येणार होती. बरीचशी पहिल्यांदाच. उतारावर सायकल चालवणारा मोबाइलमधला नकाशा बघत नाही. चाकापुढचा दगड बघतो आणि बाण बघतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मार्ग सुरक्षित असल्याची सही मला करावी लागते. त्या सहीशिवाय स्पर्धा होत नाही.

मी निनादला फोन लावला.

"तिकडे आल्प्समध्ये एकदा पाटी लावली की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही," तो म्हणाला.

"तिथलं सोडा. इथे लावलाय."

"दुसऱ्या स्पर्धेवाल्यांचा माणूस असेल. नाहीतर गावातलं कुणी. आधी त्रास द्यायचा, मग सेटलमेंट करायची. आपण पोलिसांत जाऊ."

"आधी कळू तर द्या कोण आहे ते."

"शनिवारी सही मिळेल ना?"

"मार्ग मिळाला तर मिळेल."

मी आणि माझा सहकारी बालाजी खुंट्या जागेवर ठोकून आलो. बालाजी जीप चालवतो, खुंट्या ठोकतो आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, तर खुंट्या पुन्हा हललेल्या.

संशय आला की मी यादी करते. वारा, शेरडं, गुराखी, दुसऱ्या स्पर्धेवाल्यांचा माणूस. वारा लगेच खोडला, वाऱ्याला खुंटी ठोकता येत नाही. शेरडंही खोडली. कुणी उपटून फेकल्या असत्या तर खोडसाळपणा म्हटलं असतं. या मात्र नीट, सरळ, पक्क्या ठोकल्या होत्या. कुणीतरी मन लावून काम करत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बालाजीची सासुरवाडी याच गावात आहे, हे मला तेव्हा आठवलं.

मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असावं. तो म्हणाला, "माझ्यावर बी डाऊट हाय का, म्याडम?"

"यादीत आहात."

"कितव्या नंबरावर?"

"दुसऱ्या."

"मग पयला कोण हाय ते तरी सांगा. त्याच्यासंगं च्या प्यायला बरं."

दिवसभर आम्ही दोघं एकमेकांकडे लक्ष ठेवून काम केलं. हे बरं नव्हतं, पण झालं खरं.

दुपारी मी टेकाडावर चढून खाली पाहिलं. मोजणीतली सवय आहे, जवळून कळलं नाही तर लांबून बघायचं. लांबून कळलं. खुंट्या वाटेल तशा हललेल्या नव्हत्या. सोयाबीनच्या बांधाला लागून असलेल्या सगळ्या खुंट्या तिथून उठून पलीकडच्या माळावर गेल्या होत्या. हिरव्या रानाला लागून एकही नाही. सगळ्या दगडात.

माळावर गेलो. तिथे आणखी गंमत. नुसत्या मुरमात आंब्याची रोपं लावलेली, ओळीने, कालपरवाची. मध्ये एक केसिंग पाइप उभा. बोअर घेतल्यावर जमिनीच्या वर दिसतो तो. मी सहज हात लावला तर पाइप हलला. ओढला तर हातात आला. खाली बोअर नव्हतंच.

"ठिवा तो जाग्यावर!" मागून आवाज आला.

धोतर, पांढरी टोपी, पायात कडक बूट. माळाचे मालक गणपतआण्णा. जन्मभर एसटी चालवून रिटायर झालेले.

मी पाइप परत खोचला. "आण्णा, खुंट्या तुम्ही हलवल्या?"

"म्या न्हाय हलवल्या. त्या आल्या."

"आपोआप?"

"कौसल्याबाईच्या बांधावरनं आल्या. म्या फकस्त जरा आत घेतल्या."

शेजारच्या सोयाबीनमधून एक बाई खुरपं घेऊनच आल्या. त्या कौसल्याबाई. "व्हय, म्या काढल्या. माझ्या कडंला लाल खुंटी? लाल खुंटी म्हंजे रस्ता. रान जातंय माझं."

"अहो, सायकलीचा मार्ग आहे तो."

"सायकलीला कुठं मार्ग लागतोय? सायकल पायवाटंनं जातीया. अन् तुमाला मी वळखते, म्याडम. मागं पवनचक्कीच्या रस्त्याला दुर्बीण घिऊन तुमीच आलता."

हे खरं होतं. त्या मोजणीत मी होते. आता माझ्या यादीपेक्षा त्यांची यादी जास्त पक्की निघाली. लाल डोक्याची खुंटी, मोजणीवाली बाई आणि जीप. यातून शेंबडं पोरही एकच अर्थ काढेल. ज्यांचं रान पिकतं त्यांनी खुंट्या बाहेर ढकलल्या. ज्यांचा माळ पिकत नाही त्यांनी आत ओढल्या. जमीन रस्त्यात गेली तर झाडाचा आणि बोअरचा मोबदला वेगळा मिळतो, हे आण्णांना मी सांगायची गरज नव्हती.

बालाजीने जीपमधून माझी सायकल आणून दाखवली. आण्णांनी सीट दाबून पाहिली.

"केवढ्याची हाय?"

"मोटारसायकल येईल तेवढ्यात," बालाजी म्हणाला.

"मग मोटारसायकल का न्हाय घेतली?"

आण्णांनी कौसल्याबाईंकडे पाहिलं. कौसल्याबाईंनी मान हलवली. एवढ्या बाबतीत दोघांचं एकमत झालं, की मी खोटं बोलते आहे.

मग मी विषय बदलला. "आण्णा, खदानीजवळच्या खुंटीचं तोंड तुम्ही तिकडे केलंत का?"

"तोंड? खुंटीला कसलं आलंय तोंड? खुंटी जाग्यावर असली म्हंजे झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोजणीत खुंटीची जागा बघतात, ती कुठे बघते आहे ते कुणी बघत नाही. सायकलीच्या मार्गात उलटं, सगळा जीव त्या तोंडात असतो. आण्णांनी बाण खदानीकडे मुद्दाम केला नव्हता. पत्रा त्यांच्या लेखी शोभेचा होता.

"रविवारी कॉलेजची पोरं जोरात उतरत येणार," मी म्हटलं. "बाण दिसेल तिकडे हँडल वळवणार. वळायचं तिथे बाण सरळ खदान दाखवतो आहे."

आण्णांनी वळून खदानीकडे पाहिलं. घाटात आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

"चला," ते म्हणाले, "आधी ते तोंड फिरवू."

त्यांनी स्वतः खुंटी उपटली, मूळ जागी नेली आणि मी सांगितलं तसा बाण डावीकडे करून ठोकली. एवढं झाल्यावर म्हणाले, "पण सायकलीचं काय मला पटत न्हाय."

"मला बी," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यांना पटवत बसले असते तर रविवार उजाडला असता. मी पटवणं सोडलं.

"नका पटवून घेऊ," मी म्हटलं. "पण उद्या आणि परवा आपापल्या बांधावर उभे राहा. माझी एकही खुंटी तुमच्या रानात येते का बघा. आली तर उपटून जाळा. जाग्यावर असली तर तिला कुणाला हात लावू देऊ नका. आण्णांना तर नाहीच."

"त्याला तर म्या बघतेच," कौसल्याबाई म्हणाल्या.

"अन् तिनं खुंटी लोटली तर?" आण्णांनी विचारलं.

"तुम्ही बघा. पण तुमची जागा खदानीच्या वळणावर."

शनिवारी संध्याकाळी मी पूर्ण मार्ग सायकलीने फिरले. बातमी गावभर झाली होती. प्रत्येक बांधावर कुणी ना कुणी बसलेलं होतं आणि प्रत्येकाची नजर शेजाऱ्यावर होती. एकही खुंटी बोटभर हललेली नव्हती. मी सही केली.

रविवारी निनादने पुण्याहून मार्शल आणले होते. मार्शल म्हणजे वळणावर उभं राहून दिशा दाखवणारे स्वयंसेवक. छान टी-शर्ट, वॉकीटॉकी. ऊन चढल्यावर ते एकेक करून कडुलिंबाखाली गेले. बांधावरची माणसं हलली नाहीत.

मधल्या टप्प्यात एक मुलगी वेगात उतरत आली. पुढच्या सायकलीची धूळ तिच्या तोंडावर होती. बाण तिला दिसलाच नाही. ती सरळ निघाली, खदानीच्या दिशेने.

आण्णा खांद्यावरचा लाल पंचा हलवत वाटेत उभे राहिले. "हॉऽऽल्ट! डावीकडं घे! डावीकडं!"

तो आवाज एसटीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा होता. मुलीने ब्रेक दाबले, पडली, गुडघा फुटला, उठली. कडेला वाकून तिने खाली पाहिलं आणि सायकल डावीकडे वळवली.

"लायसन कुणी दिलं गं तुला?" आण्णा मागून ओरडत होते.

स्पर्धा संपल्यावर मी सगळ्यांसमोर खुंट्या काढल्या आणि मोजून जीपमध्ये टाकल्या. कौसल्याबाई प्रत्येक खुंटीमागे चालत होत्या. शेवटी बालाजीला म्हणाल्या, "जावाई, भोक बी बुजवा. भोकावरनं बी मोजत्यात."

त्याने बुजवली.

निनादने मला विचारलं, "लोकांचा विश्वास कसा काय मिळवलात?"

"मिळवला नाही," मी म्हटलं.

आठवड्यानंतर आण्णांचा फोन आला. "म्याडम, खरं सांगा. सायकलीच व्हत्या का?"

"तुम्ही उभे होता ना तिथे? सायकलीच होत्या."

"व्हत्या की. डोळ्यानं बघितल्या." मग म्हणाले, "मोजणीवाले मागनं येणार आसतील."

रोपांना ते अजून पाणी घालतात. काही जगली आहेत म्हणे.

आता मार्ग अवघड असला तरी मी निळ्या खुंट्या वापरते. आणि नव्या गावात मार्ग आखायला गेले की आधी चौकशी करते, आपल्यावर सगळ्यात जास्त संशय कुणाला आहे. धोक्याच्या वळणावर त्यालाच उभं करते, हातात शिट्टी देऊन.