साहेबाले अडाणी बाई पायजे होती

शेगावात टेसनाजवळच्या लॉजच्या वरच्या माळ्यावर सीए साहेबाचं हापिस आहे. आमचे मालक वारले तवा मी तिथं झाडूपोच्याले लागली. साहेबानं पैले हेच इचारलं, "मावशी, वाचता येते का?"

"नाई साहेब."

साहेब खूश. जिंदगीत तेवढ्याच एका परीक्षेत मी पास झाली.

लोकायचे कागद हापिसात येत. एकाचं दुसऱ्याले सांगाचं नाई, असा त्यायच्या धंद्याचा कायदा, साहेब घडीघडी सांगे. शिकेल कारकुनाकून साहेबानं तशी सही घेतली होती. माह्याकून काईच नाई. रद्दी बारीक फाडून मांगच्या डब्यात जाळाची, हे काम माह्यं.

मंग आमच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्यायचा वर्ग निंघाला. मी गेली. अक्षर लागाले लागलं तशी धाकधूक वाढली. हे काम गेलं तं खोलीचं भाडं कुठून देऊ? तवापासून मी हापिसात कागद उलटा धरूनच फाडू लागली.

दोन साल असे गेले. मांगच्या महिन्यात आठ दिस तापानं पडली. उठली, त्या दिवशी नात आली म्हून टेसनावरून दोन कचोऱ्या आनल्या. नातीनं कचोरी खाल्ली, मी कचोरी बांधेल कागद वाचला. त्यावर आमच्या लॉजवाल्या शेठजीचं नाव होतं. खाली काय लिवेल होतं, ते मी तुमाले सांगनार नाई.

सांगाव तं काम जाते. न सांगाव तं साहेबाची इज्जत जाते, आन् कचोरीवाल्याजवळ असे किती कागद असतीन. सकाळी तो तेलकट कागद साहेबाच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, हा आपल्या हापिसाचा आहे, हे कसं समजलं?"

शिक्का वळखला म्हनता आलं असतं.

"वाचला, साहेब."

"कवापासून येते वाचता?"

"दोन साल झाले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"हापिसातलं कोनाले सांगाचं नाई, तुमीच म्हनलं होतं."

कारकून कम्प्युटरमांगून बोलला, "साहेब, मावशी वाचते म्हंजे आता डेंजर काम आहे."

साहेबानं त्याच्याकडे पाह्यलं. "आठ दिस रद्दी कोन जाळली बे?"

"ढीग लागला होता, साहेब. रद्दीवाल्याले देऊन टाकली."

साहेबानं त्याले तसंच कचोरीवाल्याकडे पाठोलं, उरलेले कागद आनाले. मंग खनातून सहीचा फारम काढून माह्यापुढं ठेवला. म्हंजे काम राह्यलं होतं.

"करा सही लवकर."

"वाचून करते. वर्गातल्या बाईनं तसंच शिकोलं."

मी एकएक अक्षर लावून राह्यली होती, तेवढ्यात खालचे शेठजी वर आले आन् खुर्चीत बसले. तेलकट कागद टेबलावरच होता. मी त्यावर माह्यी फडकी टाकली.

"काय मावशी, आज लिवनं चालू आहे? काय भानगड आहे?"

साहेबानं फडकीवर एक फाईल ठेवली.

"काई नाई शेठजी," मी म्हनलं, आन् सही केली.

शेठजीले आजून मालूम नाई. सांगाचं का नाई, ते साहेबानं पाहावं. माह्यी तं सही आहे.