दोरीचे चोवीस झटके

माळीमामांनी दोरी ओढली. मशीन फुर्रर्र करून गप्प. पुन्हा ओढली, पुन्हा गप्प. तेविसाव्या झटक्याला खांद्यातून कळ गेली, तशी मामांनी मशीनला एक शिवी हासडली.

इस्पितळाची हिरवळ राखण्यात मामांची तीस वर्षं गेली. गवत कापायचं जुनं मशीन एका झटक्यात चालू व्हायचं. हे नवं स्टोअरबाईंनी घेतलेलं, तेही कापणाऱ्याला न विचारता, फोटो बघून! मामांनी साहेबांकडे लेखी तक्रार ठोकली. साहेब तापले. "उद्या दहाला माझ्यासमोर चालू झालं नाही, तर बाईंना स्टोअरमधून हलवतो." खरं सांगायचं तर मामांना आतून बरं वाटलं. पण 'मामांनी मुद्दाम बंद पाडलं' असं कुणी म्हणायला नको, म्हणून सकाळपासून ही झटापट.

सकाळीच प्लग काढून पाहिला होता, तर ओलाचिंब आणि काळा. पुसून पाहिला, ठिणगी झकास. पेट्रोल बदललं. कार्बोरेटर धुतला. प्लग परत ओला. "नुसतं पेट्रोल ढोसतंय मेलं!"

स्टोअरबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मामा, काही मदत करू?"

"केलीत तेवढी पुरे झाली, बाई!"

बाई मान खाली घालून निघून गेल्या.

पावणेदहा वाजले. आता राहिलं काय, तर हवेच्या फिल्टरला तेल पाजणं. जुन्या मशीनचा स्पंज मामा दर आठवड्याला तेलात बुचकळायचे, तसा हाही न चुकता बुचकळायचे. त्यांनी फिल्टर काढून बाकावर ठेवला आणि चिडून, तसाच, एक हिसका मारला.

मशीन धडधडायला लागलं.

मामांनी आ वासला. मग फिल्टर हातात घेतला. कागदाचा होता, घड्याघड्यांचा, तेलानं थबथबलेला. यातून हवा काय डोंबल जाणार! दर आठवड्याला मशीनचा गळा त्यांनीच दाबला होता. अरे देवा! फिल्टर कचऱ्यात टाकून गप्प बसलं, तर कुणाला कळणार होतं?

साहेब बाईंना घेऊन आले. "काय मामा, झालं की चालू!"

मामांनी फिल्टर पुढे केला. तेल साहेबांच्या बुटावर ठिबकलं.

"मशीन चांगलं आहे, साहेब. बाईंनी बरोबरच घेतलंय. मीच दीडशहाणा, कागदाला तेल पाजत होतो. माझी तक्रार फाडून टाका."

 बाईंचे डोळे सकाळपासून रडून सुजले होते, हे मामांना आत्ता दिसलं.