माझा दोष वाहिलेला माणूस

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असते. भाकर आणि प्याला घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे पाळकसाहेब सांगतात. तेवढे ऐकले की मी शेवटच्या बाकावरून उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहत असे. अकरा वर्षे हेच चालले होते. बायकोला वाटे, गर्दीत मला कोंडल्यासारखे होते. खरे कारण भीती हे होते. ती भाकर हातात घेतली तर देव त्याच क्षणी माझा न्याय करील, अशी माझी खात्री होती.

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. अकरा वर्षांपूर्वी पारनेरकडच्या एका गावात सोपान नावाचा वायरमन खांबावर चढला होता. त्याच्या सांगण्यावरून मी लाईन बंद केली होती. खाली उतरल्याचा त्याचा फोन आल्याशिवाय ती चालू करायची नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. पण कांद्याला पाणी द्यायचे म्हणून शेतकऱ्यांचे फोनवर फोन येत होते. एवढ्या वेळात तो उतरलाच असेल, असे धरून मी लाईन चालू केली. सोपान वरच होता. जीव वाचला, पण उजवा हात कोपराखालून कापावा लागला. चौकशीत मी सांगितले की त्याचा फोन आला होता. त्या दिवशी आमचे इतके फोन झाले होते की कोणी खोलात गेले नाही, आणि सोपानला तर त्या दुपारचे काहीच आठवत नव्हते. फोन करून तो पुन्हा चढला असणार, चूक त्याचीच, असा शेरा पडला. त्याची नोकरी गेली.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. सावेडीतल्या डॉक्टरांनी मानेची शीर दबल्याचे सांगून गोळ्या दिल्या. मी मनात म्हणालो, हाताबद्दल हात. देवाने उशीर केला होता, तो विसरला नव्हता. पेला बोटांतून निसटला की मला घाम फुटे. दया कर, असे म्हणायचीही भीती वाटे. दया मागायची तर आधी काय केले ते सांगावे लागते, आणि ते मी देवालाही कधी मोठ्याने सांगितले नव्हते.

शेवटी उन्हाळ्यात एका दुपारी मोटारसायकल काढून मी सोपानच्या गावी निघालो. गाव दिसले आणि धीर सुटला. गाडी वळवून परत निघालो, तोच बोटे बधिर झाली, ब्रेक दाबलाच गेला नाही आणि खडीवरून घसरून मी गाडीसकट कडेच्या पाटाच्या चारीत पडलो.

गवताचा भारा टाकून एक बाई धावत आली. "आगं बया! लई लागलं का वो?" उत्तराची वाट न पाहता ती मला शेजारच्या वस्तीवर घेऊन गेली आणि दारातूनच ओरडली, "अवो, पानी आना! पाव्हनं कोरड्या चारीत पोहायला उतरलं हुतं!"

गोठ्यातून एक माणूस तांब्या घेऊन बाहेर आला. उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली होती. मी ज्याच्यापासून पळत होतो, त्याच्याच दारात आणून ठेवला गेलो होतो.

"साहेब, तुमी?" सोपानने मला ओळखले. "असं पांढरं का पडलं तोंड? एका हातानं टाळी वाजत न्हाई, पर म्हशीची धार निघती. च्या हुईल." तो हसला. त्याचे हसणे मला सोसवेना. ओट्यावर बसून मी सगळे सांगून टाकले. फोन आलाच नव्हता, हे शब्द उच्चारताना वाटले, आता माझ्यावर काहीतरी कोसळणार.

काही कोसळले नाही. गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. तांब्या हातातच धरून सोपान म्हणाला, "अकरा वर्सं मी सोतालाच शिव्या घातल्या. फोन करून परत का चढलो म्हनून. पोरीनं इचारलं, बाबा, तुमी असं का केलं? मी म्हनलो, चुकलं माझं."

तेव्हा मी खरा घाबरलो. माझा दोष एका निर्दोष माणसाने अकरा वर्षे स्वतःचा समजून वाहिला होता. वधस्तंभाची शिकवण मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो, पण तिचे वजन मला त्या ओट्यावर कळले. ख्रिस्ताने क्रूसावर माझ्या पापाचा भार आपणहून घेतला होता. सोपानवर मात्र मी तो लादला होता.

"आन् आता आलाय व्हय?" त्याची बायको म्हणाली. "सोताचं वझं उतरवाया?" तिचे खरे होते. सोपाननेही तिला आवरले नाही. तो माझ्याजवळ आला, "हात पुढं कर," म्हणाला, आणि माझ्या रक्ताळलेल्या तळहातावर तांब्यातले पाणी सावकाश ओतू लागला. ओतता ओतता त्याने विचारले, "हे समदं हापिसात लिहून देशील? पोरीला दावायचंय."

मी होय म्हणालो. माफ केले, असे तो म्हणाला नाही, आणि मलाही मागायचे धाडस झाले नाही.

मी लिहून दिले आहे. चौकशी सुरू झाली आहे, नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. बोटे अजून बधिर होतात. या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सवयीने बाकावरून उठलो आणि मग पुन्हा खाली बसलो. प्याला माझ्यापाशी आला तेव्हा तो मी दोन्ही हातांनी धरला. न्यायी देवाची भीती आहे तशीच आहे, पण आता पळावेसे वाटत नाही. तो माझा हात काढून घ्यायला येईल, याची मी इतकी वर्षे वाट पाहत होतो. त्याने तो सोपानच्या उरलेल्या हाताने धुतला. एवढेच आठवले, आणि डोळे मिटून मी प्यालो.