हौसामावशीची कौलं आणि आमची कमिटी

घाटमाथ्यावर घर बांधलं की मागच्या अंगणात पाच-पन्नास कौलं उरतातच. टाकवत नाहीत आणि कुठं लावताही येत नाहीत. माकडं छपरावर नाचून गेली की लागतील, म्हणून आपण ती रचून ठेवतो. म्युनिसिपालिटीच्या बांधकाम कमिटीच्या गोष्टी माझ्याकडे अशाच उरल्यात. कुणी चहाला आलं की एखादं कौल निघतं. आज ढीगच उपसते.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. वरून हुकूम आला, म्युनिसिपालिटीत एक तरी स्त्री सभासद पाहिजे. प्रेसिडेंट रावसाहेब आमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या यजमानांना भेटायला आले. मला कुणी विचारलंच नाही! डॉक्टर म्हणाले, "खुशाल न्या. घरातल्या प्रत्येक भिंतीत हिला खोट दिसते. गावभर भिंती आहेत, हिला करमेल!"

झालं. मी बांधकाम कमिटीत!

* * *

पहिल्याच सभेला रावसाहेब उठून उभे राहिले. "सभ्य गृहस्थहो..." एवढं म्हणाले आणि त्यांना मी दिसले. थांबले. घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "आणि... अं... वहिनी!"

आमचे हेडक्लार्क भिडे म्हणजे शब्दाला पक्के. सभेत जे कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवायचं. त्यांनी लिहिलं, "ठरावास वहिनींनी अनुमोदन दिले." पुढच्या सभेतही तेच, त्याच्या पुढच्याही.

तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतून विचारणा आली, "सदर वहिनी कोणाच्या?"

भिड्यांनी उलट टपाली कळवलं, "सर्वांच्या."

* * *

आता माझीच फजिती सांगते, म्हणजे दुसऱ्यांच्या सांगायला मी मोकळी.

कमिटीपुढे नकाशे यायचे. निळे निळे कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण गप्प बसले तर म्हणतील, बाईला काय कळतंय! म्हणून मी एक नकाशा हातात घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हटलं, "छान आहे. विशेषतः हा खालचा तलाव."

ओव्हरसियर जोगळेकर फार सभ्य माणूस. त्यांनी माझ्या हातातला कागद हळूच फिरवून सुलटा केला.

"वहिनी, ते छप्पर आहे."

* * *

याच सुमाराला हौसामावशीचं प्रकरण सुरू झालं. हौसामावशी मूळची बेडशाची. नवरा गेल्यावर स्टेशनाजवळ खानावळ घालून बसली. खानावळ म्हणजे काय, सहा खांब आणि वर गवताचं छप्पर. पण पिठलं असं, की इंजनावरचे ड्रायव्हर शिट्टी द्यायची विसरायचे!

एकदा इंजनाची ठिणगी उडाली आणि छपराचा कोपरा पेटला. मावशीनं ताकाची कळशी ओतून विझवला. पण म्युनिसिपालिटीनं नोटीस काढली, स्टेशनाजवळचं गवत काढा, कौलं घाला. कौलं घालायची तर परवानगी काढा. आणि गवत पावसाळ्यापूर्वी उतरलंच पाहिजे, परवानगी येवो न येवो!

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. उघड्यावर चूल पेटायची नाही. चूल बंद म्हणजे मावशीचं पोट बंद.

मावशीनं सुताराकडून नकाशा काढून घेतला आणि अर्ज दिला. आठवड्यात परत आला. वर लाल शाईत शेरा, "नकाशात उत्तर दाखविलेले नाही."

मावशी थेट माझ्या मागच्या दाराशी. "वैनी, ही मानसं मला उत्तर मागत्यात. पर सवाल कुटं हाय?"

मी कमिटीची सभासद! मी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. मलाही सवाल सापडेना. शेवटी दोघी मिळून जोगळेकरांकडे गेलो. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, उत्तर म्हणजे दिशा! उत्तर दिशा! ती तिकडे, राजमाचीच्या बाजूला."

"मग राजमाची म्हना की सरळ!" मावशी म्हणाली. "उगा शाळंतल्या पोरावानी उत्तर उत्तर काय करताय?"

दुसऱ्या आठवड्यात नवा नकाशा आला. कोपऱ्यात हा एवढा मोठा बाण, आणि बाणाच्या टोकाला लिहिलेलं, "राजमाची हितं."

कमिटीत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. राजमाची ही अधिकृत दिशा आहे की नाही!

* * *

त्याच सभेत मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्याचा नकाशा होता. सगळा इंग्रजीत. रावसाहेब म्हणाले, "भिडे, खोल्यांची नावं मराठीत करून वाचा."

भिड्यांनी आदल्या दिवशी डिक्शनरी घेऊन भाषांतर करून ठेवलेलं होतं. खड्या आवाजात वाचायला लागले, "तळमजला. चित्रे काढण्याची खोली, एक. जेवणाची खोली, एक. मलमपट्टी करण्याच्या खोल्या, चार."

"चार?" रावसाहेब दचकले.

"प्रत्येक निजण्याच्या खोलीला लागून एकेक."

सगळे गंभीर झाले. एक सभासद म्हणाले, "एवढी कसली दुखापत होते हो यांच्या घरात?" दुसरे म्हणाले, "घर म्हणून दवाखाना काढतायत, मी सांगतो!" मग सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांची बायको ना मी! रावसाहेबांनी विचारलं, "वहिनी, तुमचं मत?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एकाच खोलीत भागतं."

भिड्यांनी तेही लिहून घेतलं. शेठजींचा बंगला मंजूर झाला. ड्रॉइंग-रूमसकट आणि ड्रेसिंग-रूमसकट.

मावशीचा अर्ज मात्र पुन्हा परत! यावेळचा शेरा, "खिडक्या दाखविलेल्या नाहीत."

* * *

नियम असा होता, की माणसं बसणार त्या इमारतीला हवेसाठी निदान दोन खिडक्या पाहिजेत. जोगळेकर जागा पाहायला गेले. मीही गेले. कर्तव्य म्हणून, पिठलं निव्वळ योगायोग!

"मावशी, खिडक्या दाखवा," जोगळेकर म्हणाले.

"साहेब, भिंतच न्हाई. खांब हायती नुसतं. चारी अंगानं वारा येतोय. परवा एकाची टोपी गेली उडून!"

"ते खरं. पण नियमात खिडक्या आहेत."

"मग बसवू कशात?"

"तो प्रश्न कमिटीचा नाही."

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारी इस्माईलभाईंची लाकडाची वखार होती. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो, तर आढ्याला सुंभानं बांधून खिडकीच्या दोन जुन्या चौकटी टांगलेल्या! झडपांसकट! वाऱ्यानं गरगर फिरत होत्या. जेवणारे डोकी वाकवून घास घेत होते.

जोगळेकर एका खिडकीपाशी गेले. ती हातानं थांबवली. कडी काढली. झडप उघडली, पलीकडे पाहिलं, झडप लावली. मग वहीत लिहिलं, "हवा समाधानकारक."

निघताना मी पाहिलं, त्यांनी कडी आठवणीनं लावली होती.

* * *

आता फक्त शेवटची पायरी राहिली. कचेरीबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली, "या बांधकामास कोणाची हरकत असल्यास कळवावे."

हरकत घेणार कोण? शेजारी एकच, इस्माईलभाई. ते बिचारे मावशीचं भलं करायला स्वतःहून कचेरीत गेले. "भिडेसाहेब, लिहून घ्या. माझी काही हरकत नाही."

भिडे म्हणाले, "हरकत नसेल तर लिहून घेता येत नाही. इथं फक्त हरकती घेतो."

"अहो, पण मला काहीतरी म्हणायचंय तिच्यासाठी!"

"मग हरकत घ्या."

इस्माईलभाईंनी क्षणभर विचार केला आणि तिथल्या तिथं हरकत लिहून दिली, "माझी अशी सख्त हरकत आहे, की या बाईला अजून परवानगी का दिली नाही!"

वाचून मी पोट धरून हसले. पण माझं हसू पुरतं आठ दिवसही टिकलं नाही. कारण कमिटीच्या लेखी हरकत ती हरकत. मावशीची परवानगी तिथंच अडकली! सुनावणीला रावसाहेब म्हणाले, "इस्माईलभाई, हरकत मागे घ्या."

"परवानगी द्या, लगेच घेतो."

"हरकत मागे घेतल्याशिवाय परवानगी देता येत नाही."

"आणि परवानगी मिळाल्याशिवाय माझी हरकत संपत नाही, रावसाहेब! काय लिहिलंय ते वाचा की!"

रावसाहेबांनी पुन्हा वाचलं. कागद खाली ठेवला. म्हणाले, "या माणसाचं म्हणणं बरोबर आहे." आणि सभा तहकूब केली!

इकडे म्युनिसिपालिटीची माणसं गवत उतरवून गेली. वरून पावसाला सुरुवात. मावशी पाठीवर इरलं घेऊन भाकऱ्या थापायला लागली. गिऱ्हाइकंही इरली घालून, आपापलं ताट पोटाशी धरून जेवायची. पिठल्यात पाणी की पाण्यात पिठलं, कळायचं नाही. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. मी एकदा वाटेत भेटले तर म्हणाली, "वैनी, चूल इझली तर मी बेडशाला जाऊन काय करू? तितं कोन हाय माजं?"

मी त्या दिवशी घरी जाऊन डॉक्टरांशी उगाचच भांडले.

* * *

पुढच्या सभेत मी हट्टच धरला. सगळ्या कमिटीनं जागेवर जाऊन काय तो निकाल लावायचा. रावसाहेबांना पिठल्याचं ऐकून माहीत होतं, ते लगेच तयार झाले. रावसाहेब, जोगळेकर, भिडे, आणखी दोन सभासद आणि मी. भिड्यांनी प्रोसिडिंगचं बुक मेणकापडात गुंडाळून पोटाशी धरलेलं.

निम्म्या रस्त्यात पावसानं असं गाठलं, की छत्र्या उलट्या झाल्या. पळत सुटलो आणि धापा टाकत मावशीकडे शिरलो. तिनं पाट मांडले, चुलीपुढे ऊब होती, गरम भाकरी आली, पिठलं आलं, ठेचा आला. इस्माईलभाई आधीच कोपऱ्यात जेवत होते. नुसते घास!

दुसरी भाकरी संपल्यावर रावसाहेब खुशीत आले. "वा! बरं मावशी, आता जेवण झाल्यावर ती उघडी जागा दाखवा. जिथं तुम्हाला छप्पर घालायचंय ती."

मावशी म्हणाली, "बसा की निवांत. वाढू का आनखी?"

तेवढ्यात जोगळेकरांचा घास हातातच राहिला. त्यांनी वर पाहिलं. त्यांचं पाहून मी वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तांबडीभडक नवी मंगलोरी कौलं! आढं नवं, वासे नवे. इस्माईलभाई ताटातली मिरची फार लक्ष देऊन निवडायला लागले.

जोगळेकर ताडकन उठले. "रावसाहेब! हे विनापरवाना बांधकाम आहे! नियमाप्रमाणे अशा इमारतीत कुणालाही थांबता येत नाही. ताबडतोब बाहेर पडलं पाहिजे!"

आम्ही सगळ्यांनी बाहेर पाहिलं. पलीकडची वखारसुद्धा दिसत नव्हती. धो धो धो!

रावसाहेब म्हणाले, "जोगळेकर, नियम तुम्हाला पाठ आहेत. व्हा तुम्ही पुढे."

जोगळेकर छपराच्या कडेपर्यंत गेले. हात बाहेर काढून पाहिला. परत येऊन पाटावर बसले.

"भिडे," रावसाहेब म्हणाले, "कोरम आहे का?"

भिड्यांनी तोंडातल्या घासासकट डोकी मोजली. "आहे."

"मग सभा सुरू. हौसाबाईंना कौलारू छप्पर बांधण्यास परवानगी द्यावी, असा मी ठराव मांडतो. इस्माईलभाई, मी तीन म्हटलं की मी 'मंजूर' म्हणणार आणि तुम्ही 'हरकत मागे' म्हणायचं. एकदम! मागंपुढं नको."

"एक, दोन, तीन!"

दोघं एकदम ओरडले. माझ्या तोंडात भाकरी होती, मी मान हलवून अनुमोदन दिलं. भिड्यांनी चुलीच्या उजेडात परवानगी लिहिली, रावसाहेबांनी सही ठोकली आणि कागद मावशीच्या हातात दिला.

मावशीनं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला. नीट घडी घालून कमरेला खोचला. वर छपराकडे एकदा पाहिलं, मग रावसाहेबांकडे पाहिलं, पदर सावरला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"मग रावसाब, आता बांदायला घिऊ का?"