शीळ संपेपर्यंत

आमच्या आजोबांच्या हातची प्रत्येक काठी परीक्षा देऊनच घराबाहेर पडायची.

घरामागच्या खोलीत त्यांचं सुतारकाम चालायचं. पोटापाण्यासाठी खिडक्या, खुर्च्या, पाळणे. काठ्या मात्र हौसेच्या, त्याही डोंगर चढणाऱ्या ओळखीच्यांसाठी, कारण त्यांना स्वतःलाच डोंगराचं वेड. काठी घासून, तेल पाजून तयार झाली की ते ती दोन विटांवर आडवी ठेवायचे, चपला काढून मधोमध उभे राहायचे आणि शीळ घालायचे. शीळ संपेपर्यंत टिकली तर पास. मोडली तर जळणात.

"आज शीळ जरा लांबवा," आजी स्वयंपाकघरातून म्हणायची. "जळण संपत आलंय."

सुट्टीच्या दिवशी ते मला डोंगरापलीकडच्या तळ्यावर न्यायचे. गळ टाकून बसायचे, आणि माझी बडबड सुरू झाली की म्हणायचे, "गप्प बस असं नाही म्हणत. तळ्यापेक्षा मोठ्यानं बोलू नकोस, एवढंच." माझ्या पायात काटा गेला की काढता काढता तो कुठल्या झाडाचा ते सांगायचे, आणि ऐकण्याच्या नादात माझं रडणं राहून जायचं.

बरोबर कायम पोस्टमन आजोबा, आजोबांचे शाळेपासूनचे दोस्त. जन्मभर टपाल वाटून त्यांच्या पायांना अशी घाई लागली होती की आजोबा त्यांना तुरतुऱ्या म्हणायचे, आणि ते आजोबांना नुसतं सुतारा.

आजोबांनी त्यांच्यासाठी केलेली काठी एकदा उतारावर मोडली. ते घसरत खाली गेले, मांडीचं हाड मोडलं, आणि बरं झाल्यावरही पाय आखूडच राहिला. डोंगर सुटला. मी तेव्हा शाळेत होते. खाटेशी उभी राहून त्यांची सून रागावत होती आणि ते शरमून म्हणत होते, "माझंच चुकलं. तुरतुर उतरायची खोड. काठी बिचारी काय करणार?" भेटायला येईल त्याला हेच. आजोबा पायाशी बसून त्यांचं पांघरूण सारखं करत होते.

त्यानंतर आजोबांनी काठी केली नाही. कोणी मागितली तर "लाकूड नाही" म्हणायचे, तेही ओंडक्यावर बसून. पोस्टमन आजोबांकडे मात्र रोज संध्याकाळी जायचे. त्यांच्या पलंगाला धरायला दांडा बसवला, न्हाणीघरात बसायला स्टूल केलं, दाराचा उंबरा तासून सपाट केला.

"सख्खा भाऊ इतकं करत नाही," त्यांची सून एकदा म्हणाली. आजोबा चहा अर्धा टाकून उठले.

मी कॉलेजात असताना एका दुपारी पोस्टमन आजोबा भिंत धरत धरत आमच्या मागच्या खोलीत आले. मी एका खुर्चीला पॉलिश पेपर मारत बसले होते.

"सुतारा, एक काठी कर. तळं बघायचंय."

"लाकूड नाही."

"मग तू बसलायस तो काय कापूस आहे?"

"नाही जमत आता, तुरतुऱ्या."

"पडलो मी. चूक माझी. शिक्षा काठ्यांना कशाला?"

आजोबांचा रंधा थांबला. "चूक तुझी नव्हती," ते रंध्याकडे बघत म्हणाले. "तुझ्या काठीत गाठ होती. मधोमध, घुबडाच्या डोळ्यासारखी. इतकी देखणी गाठ मला परत मिळाली नाही. मी तिच्यावर उभाच राहिलो नाही."

"म्हणजे?"

"विटांवर ठेवली. चपला काढल्या. आणि उचलून घेतली. मोडेल असं वाटलं."

"वाटलं?"

"माहीत होतं."

पोस्टमन आजोबांनी खुर्चीची पाठ धरली. "मी सुनेची माफी मागितली," ते म्हणाले. "पोराची मागितली. तू तिथंच बसला होतास."

"होतो."

"पांघरूण नीट करत होतास."

आजोबा आधार द्यायला उठले. "हात लावू नकोस," पोस्टमन आजोबा म्हणाले. त्यांना घरी मी सोडलं.

पुढे कितीतरी संध्याकाळी आजोबा त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

"काय म्हणाले?" आजी विचारायची.

"झोपलाय."

"या वेळेला?"

"त्याच्या जागी मीही झोपलो असतो."

मग एक दिवस त्यांची सून निरोप घेऊन आली. "काठी झाली का, विचारलंय. आणि परीक्षा माझ्यासमोर, म्हणालेत."

आजोबांनी अगदी साधं, बिनगाठीचं लाकूड निवडलं. काठी झाल्यावर पोस्टमन आजोबा विटांसमोर खुर्ची ओढून बसले. आजोबा काठीवर चढले, ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली.

"शीळ?"

"येत नाहीये."

"मग मी घालतो. तू उतरू नकोस."

त्यांनी शीळ सुरू केली ती थांबेचना. आजोबांचे पाय थरथरायला लागले. आतून आजी म्हणाली, "पुरे की हो, तो परीक्षक पडेल."

"वजन घटलंय याचं," शीळ मोडून पोस्टमन आजोबा म्हणाले. "पोरी, तूही चढ."

मी चढले. आजोबांनी माझा दंड घट्ट धरला. काठी वाकली, कुरकुरली नाही.

दोघं पुन्हा तळ्यावर जाऊ लागले. चढताना आजोबा बरोबर मागे, हात पुढे धरून. उतरताना पुढे, दर दोन पावलांनी वळून बघत.

"पाठ सोड रे सुतारा. माफ केलंय की."

"तू केलंस."

"मग अजून कोणी करायचं राहिलंय?"

आजोबांनी हात खाली घेतले नाहीत. शेवटपर्यंत ते असेच चालले.

आजोबा गेल्यावर पोस्टमन आजोबांबरोबर तळ्यावर मी जाऊ लागले. पहिल्याच चढावर मी त्यांच्या मागे झाले, हात पुढे धरून. ते काठी टेकून थांबले.

"तू पुढं हो बाळा. मागं पाऊल वाजलं की मी वळून बघतो, आणि तू असतेस."