सावळाराम वाक्य विसरला

मेंढरांना हाका घालून कमावलेला सावळारामचा आवाज मेंढरं विकल्यावरही पुरून उरला. बापानं कळप मोडून पिंपळीत ऊस लावला, आणि हा पठ्ठ्या बारामतीच्या दीपक सरांच्या पथनाट्यात शिरला. साल सत्त्याण्णव. नाटक बायकांच्या राखीव जागांवर: निवडून येते बाई, खुर्चीत बसतो नवरा. सावळाराम त्यात बाई व्हायचा. डोक्यावरून पदर ओढून तो उभा राहिला की इंदापूरच्या स्टँडवरची माणसं एसटी सोडून थांबायची.

गंमत अशी, की पिंपळीच्या ग्रामपंचायतीत त्याची बायको दगडाबाई खरोखरीच सदस्य होती, आणि तिच्या खुर्चीत खरोखरीच सावळाराम बसायचा. सभा उरकली की शिपाई रजिस्टर घरी आणायचा, दगडाबाई चुलीपुढं हात पुसून सही करायची. सही ठसठशीत, कारण ती चौथी पास. हा अक्षरशत्रू. नाटकाचा कागदही तीच वाचून त्याच्याकडून घोकून घ्यायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली ही गत. पण टाळ्यांच्या नादात त्याला ते कधी टोचलं नव्हतं.

टोचलं ते सरांनी पिंपळीतच प्रयोग ठरवला तेव्हा.

"सर, घसा बसलाय. आन् आमच्या गावाला नाटकाचा नाद न्हाय," त्यानं सांगून पाहिलं. सरांना त्याच्या घरची गोष्ट ठाऊक नव्हती, ते हटले नाहीत. गावात हसं होईल आणि वर ती खुर्चीही जाईल, या धास्तीनं दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

प्रयोग मारुतीच्या पारासमोर झाला. सरपंच हिंदुराव पुढं, बायका एका अंगाला. शेवटी बाईनं पदर मागं सारून नवऱ्याला सुनावायचं होतं. सावळारामनं पदर सारला, आणि सगळं गाव गालातल्या गालात हसताना दिसलं. वाक्य घशातच राहिलं.

घरी तो अडला की रोज जे व्हायचं, तेच झालं. बायकांतून खणखणीत आवाज आला, "सही माझी हाय, तर खुर्चीबी माझीच. उठा!"

बोलून गेल्यावर दगडाबाईच्या ध्यानात आलं. आता कुणीच हसत नव्हतं. हिंदुराव सावकाश वळले. "दगडाबाय, ह्ये नाटकातलंच व्हय?"

"नाटकातलंच हाय, आबा," ती म्हणाली. तिनं पदर सावरला. "पर पाठ मला हाय."

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. सावळारामनं सवयीनं टोपी घातली आणि बाहेर आला, तर उंबऱ्याशी दगडाबाई चपला घालून तयार. त्याला राग आला होता, आणि रागाहून लाज जास्त. टोपी त्यानं काढली, पुन्हा घातली.

"मी येऊ का?"

"या की," ती म्हणाली. "पर बघणाऱ्यांत बसा."