कप्तानाला मरू न देणारा इस्त्रीवाला

शास्त्री नगरात आमच्या फाटकाशी गाडी लावणारा इस्त्रीवाला कपड्यांच्या घड्या घालता घालता अंतराळातले सिनेमे सांगतो. यान फुटलं की तोंडाने "धडाम!" करतो. नायक मरणाच्या दारात पोचला की मात्र इस्त्री उभी ठेवून आधी हात जोडतो.

तरुणपणी बी.एस्सी.च्या तोऱ्यात मी नवऱ्याला असल्याच सिनेमावरून सुनावलं होतं, "अंतराळात हवा नसते, आवाज कुठून येणार?" केवढी मी शहाणी! वडिलांच्या पोथीत देव-दानव समुद्र घुसळत, तेव्हा एकही शंका काढली नव्हती. हे अजून त्यावरून चिडवतात.

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. इस्पितळात न्यायच्या चादरी घ्यायला मी इस्त्रीवाल्याकडे गेले, तेव्हा गोष्टीतला कप्तान यानासकट सूर्यात पडला होता. रिक्षा आली. मी निघाले, तर हा आडवा!

"माताजी, कप्तान को मरा छोड़के नहीं जाते."

माझे वडीलही पोथी कधी मरणावर मिटत नसत. पुढचा शुभ प्रसंग येईपर्यंत वाचत. ह्याला हे कोणी शिकवलं? रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. ह्याने कप्तानाला सूर्यातून काढून आईच्या पाया पडायला लावलं, मगच मला सोडलं.

इस्पितळात शेजारची बाई रडत होती. तिला मी तीच गोष्ट सांगायला घेतली, धडामसकट. डॉक्टर दार उघडून माझ्याकडे आले, तेव्हा कप्तान अजून सूर्यातच होता.

"एक मिनिट थांबा," मी त्यांना म्हटलं.